हिऱ्यापोटी गारगोटी? अहो, तीच तर हवीये!

गेल्या अंकात मी वीस डॉलरच्या एका घाणेरड्या ब्राझिलियन हिऱ्याबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की तो कुठल्याही सराफाने उचलून फेकून दिला असता पण जिओकेमिस्ट, म्हणजे खडकांचं रसायन तपासणाऱ्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम हिऱ्यांनाच द्यावा लागतोय. मूळव्याध आणि मोबाईलचे प्रश्न पुढच्या अंकात, थोडं सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझ्या लग्नातल्या अंगठीच्या हिऱ्यात एक बारीक काळा ठिपका आहे. परवा मोडायला नेली तर सराफ म्हणाले डाग आहे वहिनी, किंमत निम्मी धरू. घरी आले तर मुलगी, ती जिऑलॉजी शिकते, ती म्हणाली आई तो ठिपकाच महत्त्वाचा आहे, बाकी नुसता कार्बन. आता मी कोणाचं खरं मानू? (एक गृहिणी, डोंबिवली)

दोघांचंही खरं आहे हो, फक्त दुकानं वेगळी. सराफाला चमक विकायचीये, म्हणजे प्रकाश आत जाऊन नीट बाहेर आला पाहिजे, मध्ये ठिपका आला की खेळ बिघडला. पण तुमची मुलगी जे म्हणतेय ते जगातले सगळे मँटलवाले, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा अभ्यास करणारे, म्हणतात. आपल्याकडे "हिऱ्यापोटी गारगोटी" ही म्हण चांगल्या घरातल्या वाया गेलेल्या पोरासाठी वापरतात, आणि या लोकांचा अख्खा धंदाच त्या पोटातल्या गारगोटीवर चालतो.

कसं ते सांगते. हिरा बहुतेक वेळा तयार होतो साधारण १५० ते २०० किलोमीटर खाली. तिथे दाब किती, तर एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या नखाएवढ्या जागेवर, ५० टन, दोन भरलेले ट्रक समजा. त्या दाबाखाली हिरा वाढत असताना आजूबाजूच्या खडकाचा एखादा कण आत अडकतो, गार्नेट किंवा ऑलिव्हिन या खनिजांचा, कधी लोखंड-गंधकाच्या सल्फाइडचा (काळा ठिपका बऱ्याचदा हाच असतो, नाहीतर ग्रॅफाइट, पण तुमची अंगठी बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही). एकदा कण आत गेला की संपलं, हिऱ्याच्या भिंतीतून ना काही आत येत ना बाहेर जात. बाहेरचे खडक कोट्यवधी वर्षांत वितळतात, मुरडतात, पाण्याने कुजतात, पण डब्यातलं जेवण जसंच्या तसं. आणि हा डबा वर कोण आणून देतं तर किंबरलाइट नावाचा लाव्हा, तो काही तासांत नाहीतर थोड्या दिवसांत खालून सुसाट वर येतो, वाटेतले हिरे उचलतो आणि आणून टाकतो. म्हणजे डबेवाला म्हणा. त्याने स्वतः स्वयंपाक केलेला नसतो, हे लक्षात ठेवा, कारण पुढे वयाच्या प्रश्नात याचाच घोळ होतो.

आता तो वीस डॉलरचा हिरा. ब्राझीलमध्ये मातो ग्रोसो राज्यात जुइना नावाचा भाग आहे, तिथे २००८ साली खाणमजुरांना नदीच्या उथळ वाळूत तो सापडला, मळकट तपकिरी, पाच मिलिमीटरच्या आसपास, वजन ०.०९ ग्रॅम म्हणजे अर्धा कॅरेटसुद्धा नाही. ग्रॅहम पिअर्सन हे जिओकेमिस्ट, आता कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात असतात, त्यांच्या टीमने तो घेतला, तोही भलतंच एक खनिज शोधायला. २००९ मध्ये त्यांचा विद्यार्थी जॉन मॅकनील याला त्यात डोळ्याला न दिसणारा एक कण मिळाला, ०.०४ मिलिमीटरचा, केसाहून बारीक. मग रामन (लेझरच्या उजेडाने खनिज ओळखायची तपासणी) झालं, इन्फ्रारेड झालं, एक्स-रे झाले, खात्री करण्यात वर्षं गेली आणि २०१४ च्या मार्चमध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं की हे रिंगवूडाइट आहे. हे खनिज ५२५ ते ६६० किलोमीटर खोलीवरच तयार होतं. तोवर ते उल्कांमध्ये दिसलं होतं, प्रयोगशाळेत बनवलं होतं, पण पृथ्वीच्या पोटातून आलेला नमुना माणसाच्या हातात हा पहिलाच. वर येताना दाब कमी झाला की रिंगवूडाइट मोडून साधं ऑलिव्हिन होतं, हे टिकलं कारण हिऱ्याने आतला दाब सोडलाच नाही.

तर वहिनी, अंगठी मोडायचीच असेल तर सराफाचा भाव घ्या, जिओकेमिस्ट काही जास्त देणार नाही. पण मुलीला एकदा भिंगातून बघू द्या.

प्रश्न : सर, आम्ही बीड जिल्ह्यातले. मोबाईलवर व्हिडीओ आला की जमिनीखाली सहाशे किलोमीटरवर महासागर सापडलाय, वरच्या सगळ्या समुद्रांएवढा. आणि आमच्याकडे हजार फूट बोअर मारलं तर फुफाटा. हे पाणी वर काढता येईल का? चेष्टा करत नाही, खरंच विचारतोय. (एक शेतकरी, आष्टी)

(मी सर नाही, मॅडम आहे, पण चालेल.) भाऊ, तुमचा प्रश्न चेष्टेचा नाहीच, चेष्टा त्या व्हिडीओवाल्याने केलीये. खाली समुद्र वगैरे काही नाही. तो जो रिंगवूडाइटचा कण मी वर सांगितला त्यात वजनाच्या साधारण दीड टक्का पाणी निघालं. पण ते पाणी म्हणजे थेंब नाही, ओल नाही, खनिजाच्या जाळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडीने अडकून बसलेले. जसं सिमेंट घट्ट झाल्यावर त्यात घातलेलं पाणी असतं ना, आहे, पण तुम्ही भिंत पिळून पेलाभर काढून दाखवा. तसं.

मग समुद्राएवढं कुठून आलं? ४१० ते ६६० किलोमीटरच्या मधल्या पट्ट्याला ट्रान्झिशन झोन म्हणतात, तो इतका प्रचंड आहे की त्या सगळ्यात एखादा टक्का जरी पाणी धरलं तरी बेरीज महासागरांच्या घरात जाते. 'जरी' हा शब्द बातमीत गळाला. एका कणावरून अख्ख्या पट्ट्याचं सांगणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि भात तर सगळ्या पृथ्वीभर पसरलाय. पिअर्सन मंडळींनी स्वतः इतकंच म्हटलं की निदान तिथे तरी, त्या जागी तरी, ओलावा आहे. नंतर २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या बोत्स्वानाच्या करोवे खाणीतल्या एका हिऱ्यात परत रिंगवूडाइट मिळालं, ६६० किलोमीटरच्या हद्दीवरचं, तेही ओलं. त्याआधी २०१८ मध्ये ऑलिव्हर शॉनर यांच्या टीमने तर हिऱ्यांच्या आत चक्क बर्फ दाखवला, आइस-सेव्हन, हा बर्फ गार नसतो, नुसत्या दाबाने गोठलेला असतो. म्हणजे पाण्याची बाजू भक्कम होत चाललीये, समुद्राची नाही.

गंमत बघा, आपले जुने सराफ हिरा हातात घेतला की "पाणी" बघायचे, पाणीदार हिरा म्हणायचे. खरं पाणी निघालं ते ज्या हिऱ्याला काडीचं पाणी नव्हतं त्यात!

बोअरचं म्हणाल तर रशियाच्या कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत लोकांनी १९७० मध्ये खोदायला घेतलं आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गेले, तिथे तापमान १८० अंशांवर गेल्यावर हात टेकले. बारा किलोमीटर. सहाशे सोडा, हिऱ्याच्या १५० लासुद्धा माणूस पोचलेला नाही, म्हणून तर हिऱ्यांची वाट बघत बसायचं. तुमच्या बोअरला पाणी का नाही त्याचं उत्तर शंभर-दोनशे फुटांत आहे, काळ्या दगडाच्या भेगांत किती मुरलं आणि किती जणांनी उपसलं यात, त्यावर एकदा वेगळं लिहीन.

प्रश्न : कोळशावर दाब पडला की हिरा होतो ना? आमच्या शाळेच्या भिंतीवर तसं लिहिलंय. (इयत्ता आठवी, कराड)

नाही बाळा. कोळसा झाडांचा, आणि जमिनीवर झाडं आली ती साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी, बहुतेक हिरे त्याच्या कितीतरी आधीचे. शिवाय कोळसा काही किलोमीटरवर आणि हिरा दीडशे किलोमीटरवर, भेट व्हायची कुठे? मँटलमध्ये कार्बन असलेले गरम द्रव खडकांच्या फटींतून फिरतात, त्यातून हिरा जमतो, गुळाच्या पाकात खडे धरतात तसा समज. पण तुझ्या भिंतीवर जे लिहिलंय त्यात एक कण खरा आहे. कार्बनचे दोन टिकाऊ भाऊ असतात, १२ आणि १३. जिवंत वस्तूंना हलका १२ आवडतो. आणि काही हिऱ्यांत १२ चं प्रमाण इतकं जास्त निघतं की तो कार्बन कधीकाळी समुद्रतळावरच्या जिवाणूंच्या शरीरात असावा, तळ पृथ्वीच्या पोटात सरकत गेला आणि त्याच्याबरोबर तोही, असं बरेच जण मानतात. सरांना सांग, भिंत पुसू नका, 'काही' हा शब्द वाढवा आणि कोळशाच्या जागी 'जुना चिखल' लिहा.

प्रश्न : हिऱ्याचं वय तीनशे कोटी वर्षं वगैरे सांगतात ते कार्बन डेटिंगने काढतात का? हिरा म्हणजे कार्बनच ना! (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

छान पकडलंत, पण नाही. कार्बन डेटिंगला लागणारा कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, पन्नासेक हजार वर्षांत मोजण्यासारखं काही उरत नाही. हिऱ्याचा कार्बन घड्याळाच्या कामाचा नाही, हिऱ्याला स्वतःचं वय सांगताच येत नाही. सांगतो कोण, तर परत पोटातली गारगोटी. गार्नेटमध्ये समेरियम असतं, ते अतिशय सावकाश निओडिमियम होतं, निम्मं व्हायला १०,६०० कोटी वर्षं लागतात. किती झालं हे मोजलं की गार्नेट कधी कोंडलं गेलं ते कळतं.

स्टीफन रिचर्डसन यांनी १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली आणि फिन्श खाणीतल्या हिऱ्यांवर हे केलं. एका कणात मोजण्याइतका ऐवज नसतो म्हणून शेकडो हिऱ्यांतली गार्नेटं एकत्र करावी लागली. उत्तर आलं ३२० ते ३३० कोटी वर्षं. आणि ज्या किंबरलाइटमधून किंबर्लीचे हिरे वर आले तो फक्त ९ कोटी वर्षांचा! तोवर बऱ्याच जणांना वाटायचं हिरे किंबरलाइटच्या लाव्ह्यातच तयार होतात. डबेवाल्यालाच स्वयंपाकी समजत होते, मगाशी म्हटलं ते हेच. पुढे रेनियम-ऑस्मियमच्या, अशाच दुसऱ्या जोडीच्या घड्याळाने एकट्या सल्फाइडच्या कणावरही वय काढता यायला लागलं, म्हणून तर डोंबिवलीच्या वहिनींच्या काळ्या ठिपक्याला मान.

आता मला जे सगळ्यात भारी वाटतं ते. २०११ मध्ये रिचर्डसन आणि अमेरिकेतले स्टीव्हन शायरी यांनी चार हजारांहून जास्त कणांची जुनी माहिती एकत्र मांडली, नवा हिरा फोडला नाही, नुसतं लोकांनी वर्षानुवर्षं छापलेलं शांतपणे बसून लावलं. दोन प्रकारचे कण असतात. जांभळट गार्नेटवाले म्हणजे मँटलचा आपला खडक, पेरिडोटाइट. केशरी गार्नेटवाले म्हणजे एक्लोजाइट, आणि एक्लोजाइट म्हणजे समुद्रतळाचा बेसॉल्ट (लाव्ह्याचा काळा दगड), खाली ढकलला जाऊन दाबाने बदललेला. तर ३२० कोटी वर्षांहून जुन्या हिऱ्यांत फक्त पहिला प्रकार, दुसरा मिळतो तो ३०० कोटी वर्षांच्या अलीकडे. म्हणजे समुद्रतळ पोटात घालायचा हा जो पृथ्वीचा उद्योग आहे, खंड सरकणं, आदळणं, हिमालय, भूकंप, सगळं ज्यातून आलं, तो या दोघांच्या मते त्या सुमारास सुरू झाला. यावर भांडणं आहेत, काही जण आणखी मागे नेतात तर काही पुढे ओढतात, मला स्वतःला हा पुरावा बाकीच्यांपेक्षा सरळ वाटतो. वरचे तेवढे जुने खडक इतके भाजले-चेचलेत की त्यांची साक्ष ऐकायची म्हणजे कोर्टात फितूर साक्षीदार.

प्रश्न : लॅबमधले हिरे आता इतके स्वस्त झालेत, मग शास्त्रज्ञ ते का नाही वापरत? (सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यात असलेले वाचक, मूळ गाव जळगाव)

वापरतात की, दाब देणारी ऐरण म्हणून. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कण दाबून मँटलएवढा दाब प्रयोगशाळेत करतात. पण माहितीसाठी लॅबचा हिरा रिकामा डबा, तो कुठे गेलाच नाही तर सांगणार काय.

तुम्ही या धंद्यातले म्हणून एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. जास्त दाब-तापमानाच्या पद्धतीने केलेल्या हिऱ्यात कधीकधी लोखंड-निकेलचे ठिपके राहतात, त्यावरून लॅबचा माल ओळखतात, बरोबर? आता २०१६ मध्ये इव्हान स्मिथ या संशोधकांनी कलिनन नावाच्या प्रचंड हिऱ्याच्या जातीच्या मोठ्या, नायट्रोजन जवळपास नसलेल्या, टाइप टू-ए हिऱ्यांचे पन्नासहून जास्त नमुने तपासले, आणि बहुतेकांत काय निघावं, लोखंड-निकेल! कार्बन आणि गंधक मिसळलेलं. म्हणजे ३६० ते ७५० किलोमीटर खाली वितळलेल्या लोखंडाच्या डबक्यांत हे हिरे वाढले, निसर्गाने तीच कारखान्याची पद्धत कधीचीच लावली होती. कलिनन १९०५ मध्ये सापडला तेव्हा ३,१०६ कॅरेटचा होता, सहाशे ग्रॅमच्या वर, आणि आपले गोवळकोंड्याचे नामांकित हिरेही याच टू-ए जातीतले. होप या प्रसिद्ध हिऱ्यासारखे निळे हिरे मात्र वेगळे, निळेपणा बोरॉनचा. बोरॉन तर वरच्या कवचात आणि समुद्राच्या पाण्यात असतं, तिथे खाली कसं गेलं? २०१८ मध्ये याच स्मिथ यांनी ४६ निळे हिरे बघून मांडलं की समुद्रतळाबरोबर, ओलसर सर्पेंटाइन खडकात बसून. आष्टीच्या भाऊंच्या पाण्याचीही वाट तीच.

प्रश्न : नाशिकचा हिरा जगप्रसिद्ध. मग महाराष्ट्रात हिऱ्यांची खाण का नाही? सरकार शोधत नाही का? (नाशिक)

नाशिकचा हिरा त्र्यंबकेश्वराचा, नाशिकच्या खडकाचा नव्हे. आला गोवळकोंड्याच्या बाजूने, कृष्णाकाठच्या खाणींतून, आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांनी नेला.

हिऱ्यासाठी दोन गोष्टी लागतात, खाली २५० कोटी वर्षांहून जुनं जाड मूळ असलेला भूखंड आणि त्यातून वर आलेला किंबरलाइट किंवा त्याचा चुलतभाऊ लॅम्प्रोइट. सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा बेसॉल्ट, तो वितळला त्या मानाने उथळ जागी, हिऱ्याच्या घरात तो गेलाच नाही. त्यात झिओलाइट नावाचे स्फटिक सुरेख मिळतात, हिरे नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात मझगवाँला लॅम्प्रोइट आहे म्हणून खाण आहे, आंध्रात वज्रकरूरला किंबरलाइट आहेत म्हणून तिकडे पहिला पाऊस पडला की माणसं शेतातून खाली माना घालून फिरतात. महाराष्ट्रात बोलायचं तर गडचिरोलीच्या वैरागडचं बोला, तिथल्या खाणीचं नाव अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत आहे, कारण तो भाग बेसॉल्टच्या बाहेर, जुन्या बस्तर भूखंडावर येतो.

आणि शोधायचं म्हणजे हिरा शोधत नाहीत बरं का, परत गार्नेटच. दक्षिण आफ्रिकेचे जॉन गर्नी यांनी दाखवलं की जांभळट गार्नेटमध्ये क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी असेल तर जवळपास हिऱ्याची आशा धरायला हरकत नाही. याच तंत्रावर कॅनडाच्या बर्फात नाल्यांची वाळू तपासत तपासत खनिजशोधक चक फिपके आणि मंडळी १९९१ मध्ये लाक द ग्रा भागातल्या किंबरलाइटपर्यंत पोचली, पुढे तिथे एकाटी खाण झाली. एका हिऱ्यामागे असंख्य गार्नेटं असतात, मग कोणाला आधी गाठाल?

प्रश्न : खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही असं आमचे आजोबा सांगायचे. बायकोच्या कुड्यांवर करून बघू का? (सांगली)

नका हो! कुड्याही जातील आणि बायकोही. कठीण म्हणजे ओरखडा न उठणारा, चिवट म्हणजे न फुटणारा, हे दोन गुण वेगळे. हिऱ्याला ठरावीक दिशांना सरळ फुटायची खोड असते, पूर्वी पैलू पाडणारे त्याच दिशेला पातं लावून एका टोल्यात दोन करायचे. जिओकेमिस्ट तर मुद्दाम फोडतात. आधी सगळे फोटो, इन्फ्रारेड, एक्स-रे होतात, मग बंद स्टीलच्या भांड्यात ठेवून वरून दट्ट्या, की झाला चुरा. मग त्या चुऱ्यातून सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने तो एक कण उचलायचा, केसाच्या जाडीचा, तीनशे कोटी वर्षांनी पहिल्यांदा हवा लागलेला. तेव्हा घण नको, आणि कण सुईवर असताना शिंक तर अजिबातच नको.